वेस्ट थंब: चार पंचे आणि पंचवीस मिनिटं

आईने चार पंचे घेतले होते. डेनव्हरहून निघायच्या आदल्या रात्री तिने ते वेगळ्या पिशवीत भरले, सोबत बाबांचे जुने कपडे आणि लेकीचा एक सुती फ्रॉक. कारण आम्हाला पैसे घेऊन आखून दिलेल्या कार्यक्रमात तिसऱ्या दिवसापुढे सरळ लिहिलं होतं: 'यलोस्टोन तलावाकाठचे गरम झरे, नैसर्गिक उष्ण पाण्यात स्नान.' बाबा दापोलीकडचे. उन्हवऱ्याच्या गरम पाण्यात लहानपणापासून अंघोळी केलेला माणूस. गुडघ्यांना शेक मिळेल म्हणून महिनाभर त्या एका दिवसाची वाट बघत होते.

तर सगळ्यात आधी हे वाचा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम कुंडांत आणि झऱ्यांत उतरायला कायद्याने बंदी आहे. पाय बुडवायलाही नाही, बोट लावायलाही नाही. इथे उन्हवरे नाही, वज्रेश्वरी नाही. या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं आणि इथली काही कुंडं त्या आकड्याच्या जवळ असतात. पूर्वी उद्यानाच्या अगदी उत्तर टोकाला, मॅमथजवळ, एक गरम ओढा गार्डनर नदीला मिळतो तिथे लोक डुंबायचे. जून २०२२ च्या पुराने ती वाट धुवून नेली आणि ती जागा तेव्हापासून बंद आहे. आमचा कार्यक्रम आखणाऱ्याने कुठल्या तरी जुन्या मजकुरातून ती ओळ उचलली आणि उद्यानाच्या दुसऱ्या टोकाच्या तलावाला जोडून दिली. आम्ही आधी तपासलं नाही ही आमची चूक. पण पैसे घेऊन माहिती देणाऱ्याने तीन वर्षं जुनी, तीही चुकीच्या जागेची माहिती द्यावी, याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, पाच वर्षांची लेक, आई आणि बाबा. आई-बाबा भारतातून येऊन तीन आठवडे झाले होते. जून २०२५ चा तिसरा आठवडा. डेनव्हर ते जॅक्सन एका दिवसात गाडीने गेलो. मधले दोन दिवस शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानात छान गेले, त्याबद्दल वेगळं लिहावं असं काही नाही. डोंगर दिसतात, तळी आहेत, जेवण बरं मिळतं, कुणालाही जमेल.

खरी गोष्ट वेस्ट थंबची आहे, म्हणजे यलोस्टोन तलावाच्या पश्चिम काठावरच्या गरम कुंडांच्या भागाची. तिथे आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा स्वतः गेलो.

पहिला दिवस, व्हॅनचा

उद्यानात गाडी चालवणं अवघड, पार्किंग मिळत नाही, रस्त्यात गवे (इथले बायसन) आडवे येतात, असं कुणी कुणी सांगितलं म्हणून आम्ही जॅक्सनहून दिवसभराची व्हॅन घेतली. सीटला २६५ डॉलर. पाच वर्षांच्या मुलीलाही तेवढेच. पाच जणांचे १,३२५ डॉलर झाले. सकाळी व्हॅनमध्ये बसल्यावर कळलं की उद्यानाची प्रवेश फी यात धरलेली नाही, माणशी वीस डॉलर रोख द्यायचे. तेही लेकीसकट. सोळा वर्षांखालच्या मुलांना उद्यानात फी नसते, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. परत मागितले, मिळाले नाहीत.

पैशाचं एक वेळ सोडा. जॅक्सनहून वेस्ट थंबला पोहोचायला दोन तास लागले. चालकाने गाडी थांबवली आणि म्हणाला, 'पंचवीस मिनिटं, टॉयलेट धरून.' टॉयलेटसमोर वीस माणसांची रांग. ज्या तलावाकाठासाठी आम्ही आलो, त्याला एवढाच वेळ. पुढे ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गरम कारंज्यापाशी मात्र दीड तास, कारण तिथे जेवणाची आणि दुकानाची सोय आहे.

पंचवीस मिनिटांत लोक काय करतात? पळतात. आम्हीही पळालो. आणि त्या घाईत जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

तो तलावाकाठचा तुकडा

वेस्ट थंबचा सगळा फेरा लाकडी फळ्यांवरून आहे. सगळे वळसे धरून साधारण एक मैल. पार्किंगपासून वाट उताराने तलावाकडे जाते, काठाकाठाने थोडी चालते आणि कुंडांच्या कडेने पुन्हा वर चढते. काही ठिकाणी कठडा आहे. बराचसा भाग कठड्याविना आहे. फळ्या जमिनीपासून वीतभर, कुठे हातभर उंच. खाली पांढुरकी, भाजलेल्या चुन्यासारखी जमीन. ती दिसायला टणक दिसते आणि तशी नसते. वरचा थर पापुद्र्यासारखा असू शकतो आणि खाली कढत पाणी.

काठावरच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी लोक येत होते. सेल्फीसाठी कुणी मधेच थांबायचं, मागचे अडायचे. पहाटे पाऊस पडून गेला होता, फळ्या ओल्या होत्या. तलावावरून वारा सुटला होता. हा वारा काठावर आल्याशिवाय कळत नाही, वर पार्किंगमध्ये पान हलत नव्हतं. नवरा बाबांना धरून मागे होता, आई त्यांच्याही मागे. लेक माझ्या उजव्या हाताला. मी तिची बोटं धरली होती.

लेकीची टोपी उडाली. पिवळी, कापडी, मऊ काठाची. ती फळ्यांच्या पलीकडे सात-आठ फुटांवर त्या पांढऱ्या जमिनीवर जाऊन पडली आणि तिच्यामागे वाफेचा एक लोट होता. लेकीने माझ्या हातातून बोटं सोडवली, ओढलीसुद्धा नाहीत, नुसती सोडवली, आणि एक पाय फळीवरून खाली टाकायला उचलला. मी तिच्या जाकिटाची मागची टोपी धरली. ती शिवण फाटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती मागे माझ्या अंगावर आली, आम्ही दोघी फळ्यांवर बसलो. कुणीतरी मागून ओरडलं. ती रडली ती टोपीसाठी. मला पाच मिनिटं उठता आलं नाही.

त्या जागेपासून थोडंच पुढे अ‍ॅबिस पूल आहे, वेस्ट थंबचं सगळ्यात खोल कुंड, ५३ फूट, म्हणजे सोळा मीटर. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कुंडात एक बूट तरंगताना दिसला होता आणि त्यात माणसाच्या पायाचा भाग होता. तो माणूस काही दिवस आधी त्यात गेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मला हे आधी माहीत होतं. वाचलं होतं, मैत्रिणींना सांगितलंही होतं. तरी मी मुलीची फक्त बोटं धरली होती.

म्हणून लहान मूल असेल तर एवढं कराच. बोटं नाही, मनगट धरायचं. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत, फोन खिशात. मूल फळ्यांच्या मध्यावर, तुम्ही कडेला. हनुवटीखाली बंद नसलेल्या टोप्या गाडीत ठेवून या, मोठ्यांच्यासुद्धा. ओढणी, स्कार्फ खोचून घ्या. बाबागाडी या काठाच्या भागात आणू नका. पायऱ्या आहेत, गर्दी आहे, आणि तुमचे दोन्ही हात दांड्यात अडकतात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर पाठीवरच्या किंवा पोटावरच्या पट्ट्यात बांधा. आणि टोपी, फोन, बाटली, खेळणं, काहीही खाली पडलं तर ते गेलं असं समजा. उतरायचं नाही. रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला सांगा, त्यांच्याकडे लांब दांड्याचे चिमटे असतात.

मूल ऐकणारं नसेल, पळणारं असेल, तर खालच्या काठावर नेऊच नका. हे कठोर वाटेल. वरच्या बाजूनेही तलाव दिसतो, तिथून बघा आणि परत फिरा.

त्या दिवशी व्हॅनमध्ये परत बसलो तेव्हा बाबांनी काहीच बघितलेलं नव्हतं. निम्म्या वाटेवरून त्यांना परत फिरावं लागलं. आईच्या मांडीवर पंच्यांची पिशवी होती. संध्याकाळी जॅक्सनला पोहोचल्यावर नवरा म्हणाला, 'उद्या आपण आपल्या गाडीने जायचं.' मला तिथे पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. बाबा म्हणाले, 'अगो, एवढ्या लांब आलोत, नीट बघून तरी येऊ.' म्हणून गेलो.

दुसरा दिवस, स्वतःचा

पहाटे साडेपाचला निघालो, साडेसातला पोहोचलो. पार्किंगमध्ये सहा गाड्या. रस्त्यात गवे आडवे आले नाहीत, रस्ता उत्तम आहे, दुतर्फा पाइनची झाडं, वळणं आंबा घाटाच्या निम्म्यानेही नाहीत. ज्याने कोकणातल्या कुठल्याही घाटात गाडी चालवली आहे त्याला हा रस्ता अवघड नाही. व्हॅनचे १,३२५ डॉलर या एका वाक्याने वाचतात.

पण इतक्या सकाळी गेल्यावर एक गोष्ट होते, ती कुणी सांगत नाही. थंडीत वाफ एवढी असते की कुंड दिसतच नाही. पारा चार अंशांवर होता. अ‍ॅबिस पूलच्या जागी नुसता पांढरा पडदा. लवकर या, पार्किंग मिळवा, आणि मग घाई करू नका. गाडीत बसून दशम्या खा, आई-वडिलांना हळूहळू उतरवा. साडेनऊ-दहानंतर ऊन डोक्यावर यायला लागलं की वाफ विरळ होते आणि पाण्याचे रंग उघडतात. दहानंतर पार्किंग भरतं, ते दुपारी तीनपर्यंत. आम्ही साडेसातपासून साडेबारापर्यंत, पाच तास, त्या एका मैलात होतो. पाच तास पुरले. पंचवीस मिनिटांत तिथे फक्त पोहोचता येतं.

आणि उंची विसरू नका. तलाव समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्याहून सातशे मीटर वर. लोक म्हणतात 'छोटा फेरा, सपाट, कुणालाही जमेल'. जाताना उतार असतो म्हणून तसं वाटतं. परत वर येताना बाबांना पन्नास पावलांवर थांबावं लागत होतं. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत, गावात रोज तासभर चालतात, आणि तीन आठवडे डेनव्हरला राहून आलेले होते, जे स्वतःच सोळाशे मीटरवर आहे. जे थेट मुंबईहून विमानाने जॅक्सनला उतरून दुसऱ्या दिवशी इथे येतात त्यांच्या आई-वडिलांना याहून जास्त त्रास होईल. निदान दोन दिवस आधी उंचीवर काढा. पाणी सतत प्या. ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी काठापर्यंत उतरायचा हट्ट धरू नये, आतला छोटा वळसा घ्यावा.

बाबांनी पहिला श्वास घेतला आणि म्हणाले, 'उन्हवऱ्याचाच वास.' गंधकाचा. आईने पदर नाकाला लावला. बाबा मात्र खूश. तो वास त्यांच्या ओळखीचा होता आणि त्यानेच ते इथल्या पाण्याशी बोलायला लागले.

चिखलाच्या कुंडांपासून सुरुवात केली. तिथे पांढरट-गुलाबी चिखल मंद आचेवरच्या पिठल्यासारखा रटरटतो. उन्हाळा पुढे सरकतो तसा तो घट्ट होतो. आम्ही गेलो तेव्हा बर्फ वितळून पाणी मुबलक होतं, म्हणून पातळ होता. लेक तिथे वीस मिनिटं उभी राहिली, माझ्या मुठीत मनगट, आणि प्रत्येक बुडबुडा मोजत होती.

मग ब्लॅक पूल. नावाने काळं आणि बघावं तर निळंशार, मोरपंखी. इथे मला थांबून वाचावं लागलं. पूर्वी हे कुंड आताइतकं गरम नव्हतं आणि त्याच्या भिंतींवर नारिंगी-तपकिरी सूक्ष्मजीवांचे थर होते. निळ्या पाण्यातून ते नारिंगी थर दिसायचे आणि सगळं मिळून काळं दिसायचं. १९९१ मध्ये पाणी इतकं तापलं की ते सगळे जीव मेले. थर गेले, राहिलं फक्त स्वच्छ पाणी. म्हणजे इथे सुंदर निळा रंग दिसतो तिथे सहसा सगळ्यात जास्त धोका असतो. नारिंगी-तपकिरी कडा त्या मानाने थंड, जीव जगू शकतील इतपत. हे लेकीला एकदा समजावल्यावर ती प्रत्येक कुंडाजवळ आपणहून सांगायला लागली, 'निळं, लांब.' मुलांना 'जाऊ नको' म्हणण्यापेक्षा हे रंगाचं गणित जास्त लागू पडलं.

बाबांना मी आणखी एक सांगितलं. याच उद्यानातल्या दुसऱ्या एका गरम कुंडात १९६० च्या दशकात असा एक जीवाणू सापडला, ज्याचं विकर (एन्झाइम) तापवलं तरी बिघडत नाही. पीसीआर चाचणी त्यावर उभी राहिली. करोनात आपल्या नाकात काडी घालून जी तपासणी करायचे, तिच्या मुळाशी हे गरम पाणी. बाबांनी तेव्हा चार वेळा ती करून घेतली होती. ते त्या नारिंगी कडेकडे बराच वेळ बघत राहिले.

काठावर गेलो. या वेळी लेक नवऱ्याच्या खांद्याला बांधलेल्या पट्ट्यात. पाच वर्षांची, वजनदार, तरीही. वारा पडलेला होता. तलाव आरशासारखा. इतका मोठा तलाव मी याआधी बघितला नव्हता, जवळजवळ साडेतीनशे चौरस किलोमीटर, पलीकडे बर्फाचे डोंगर. १८७० मध्ये वॉशबर्नच्या मोहिमेतल्या लोकांना तलावाचा आकार पंजासारखा वाटला आणि पश्चिमेचा हा फुगवटा त्याचा अंगठा, म्हणून नाव पडलं. हा अंगठा म्हणजे स्वतःच एक ज्वालामुखीचं विवर आहे, साधारण दीड-पावणेदोन लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाने झालेलं, त्याहून कितीतरी मोठ्या विवराच्या पोटात. काठावरच्या कुंडांतून रोज अकरा-बारा हजार लिटर गरम पाणी तलावात उतरतं, म्हणजे आपल्याकडचा एक मोठा टँकर. तरी तलाव बर्फासारखा गार. एवढ्या पाण्याला एक टँकर काय पुरणार.

फिशिंग कोन मात्र दिसला नाही. हीच दुसरी निराशा. प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक फोटोत तलावातून डोकं वर काढलेला तो दगडी शंकू असतो. पूर्वी लोक शेजारी उभे राहून मासा गळाला लावायचे आणि गळावरच तो त्या शंकूच्या कढत पाण्यात शिजवायचे. स्वयंपाक्याची टोपी नि अ‍ॅप्रन घालून फोटो काढून घ्यायचे. १९१९ मध्ये त्यातून चाळीस फूट कारंजं उडालं होतं आणि १९२१ मध्ये एक मासे पकडणारा चांगलाच भाजला. आता तिथे मासेमारीला बंदी आहे. आणि जूनमध्ये बर्फ वितळून तलाव भरतो तेव्हा हा शंकू पाण्याखाली जातो. आम्हाला दिसला तो पाण्याखाली एक पांढुरका गोल. बाबा, जे कोकणातले आणि मासे खाणारे, त्यांना हीच एक गोष्ट बघायची होती. तुम्हालाही तो बघायचा असेल तर जून-जुलैच्या सुरुवातीला येऊ नका. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात या. पाणी उतरलेलं असतं, डास नसतात, शाळा सुरू झाल्याने गर्दीही कमी. मुलांच्या सुट्टीचं जमत नसेल तर ठीक, पण मग हा शंकू मनातून काढून टाका.

परतीच्या चढावर एक एल्कची मादी वाटेच्या कडेला बसली होती. सांबराहून मोठी, शांत डोळे, गरम जमिनीला टेकून. तिच्यामुळे वाट अडली. नियम एल्क आणि गव्यांपासून तेवीस मीटर लांब राहायचा आहे, अस्वलं आणि लांडग्यांपासून एक्क्याण्णव. फळ्यांच्या वाटेवर तेवीस मीटर कुठे काढायचे? सगळे मागे फिरलो आणि दुसऱ्या वळशाने गेलो. एक माणूस फोन पुढे करून तिच्याकडे चालत निघाला, त्याला त्याच्याच बायकोने ओढून आणलं. जूनमध्ये यांची पिल्लं लहान असतात, आया अंगावर येतात.

पैशाचं

दक्षिणेकडून, म्हणजे जॅक्सनहून येताना तुम्ही आधी ग्रँड टीटन उद्यानाच्या फाटकातून जाता, मग यलोस्टोनच्या. दोन उद्यानं, दोन वेगळ्या फिया, आम्ही गेलो तेव्हा गाडीला प्रत्येकी ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. वर्षभराचा पास ८० डॉलर, तो दोन्हीकडे आणि देशभरच्या उद्यानांत चालतो. आम्ही दुसऱ्या दिवशी तोच घेतला. गाडीतले सगळे त्यात आले.

पण हे २०२५ चं झालं. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, वार्षिक पास नसलेल्या, सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक पाहुण्याला अकरा उद्यानांत नेहमीच्या फीवर आणखी शंभर डॉलर लागू झाले आहेत. त्या अकरांत यलोस्टोन आहे आणि ग्रँड टीटनही आहे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला, रहिवाशांचा ८० डॉलरचाच राहिला. म्हणजे माझ्यासारख्यांनी भारतातून आई-बाबांना बोलावलं तर त्यांचा खर्च आता वेगळा धरावा लागेल. निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत पानावर फीचा तक्ता बघा, आणि तो कागदावर उतरवून घ्या. व्हॅनवाला, कार्यक्रम आखणारा, हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस, कुणाच्याही तोंडी आकड्यावर जाऊ नका. आम्ही गेलो आणि लेकीचे वीस डॉलर हकनाक दिले.

व्हॅन घ्यायची का? घरात एकही गाडी चालवणारा नसेल तरच. आणि घेतलीत तर पैसे देण्याआधी लेखी विचारा: वेस्ट थंबला किती मिनिटं? तासाहून कमी सांगितलं तर घेऊ नका. रेंजर उन्हाळ्यात माहिती देतात, तेही फुकट.

बाकीचं, थोडक्यात

वेस्ट थंबला उपाहारगृह नाही, पेट्रोल नाही. पेट्रोल आणि किराणा दोन मैलांवर ग्रँट व्हिलेजला. टॉयलेट कोरडी आहेत, नळ नाही. हात धुवायचं पाणी आणि साबण गाडीत ठेवा, आईसारख्या बायकांना तांब्याची सोयही. फोनच्या नेटवर्कवर विसंबू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. जेवण बाहेर मांडून ठेवू नका, अस्वलांचा मुलूख आहे. आम्ही थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत काचा लावून खाल्ली. जूनमध्ये सुद्धा सकाळी लोकरीचं जाकीट, कानटोपी लागते, अकराला टी-शर्ट, दोनला पाऊस आणि गारा. तिन्ही घेऊन या. बुटांचा तळ खरबरीत हवा, ओल्या फळ्यांवर आईच्या चपला सरकत होत्या. चपला-सँडल नकोच.

तिथून ओल्ड फेथफुलकडे जाताना क्रेग पासला आयसा तलाव लागतो, कमळाच्या पानांचं छोटं डबकं, पण त्याचं पाणी एका बाजूने अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूने पॅसिफिककडे जातं. पाच मिनिटं थांबा. बिस्किट बेसिन मात्र बंद होतं, २३ जुलै २०२४ ला तिथे जमिनीखालच्या वाफेचा स्फोट होऊन फळ्यांची वाट उडाली होती. आधी तपासून जा. ओल्ड फेथफुलबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही.

साडेबाराला निघताना आई म्हणाली, 'निदान तलावाच्या पाण्याला तरी हात लावू.' गरम भागातून सरळ बाहेर पडलो आणि काही मैल पुढे काठाला गाडी थांबवायची जागा आहे तिथे उतरलो. गोट्यांचा काठ, स्वच्छ पाणी, खालचा एकेक दगड दिसत होता. या पाण्यात पोहू नका, सरासरी सात अंश असतं, अर्ध्या तासात माणूस जातो. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घोट्यापर्यंत उभे राहिले. दहा आकडे मोजेपर्यंत. बाहेर आले तेव्हा पाय लाल झाले होते. आईने पिशवीतला एक पंचा काढला, खाली बसली आणि त्यांचे पाय पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा.

लेक मला विचारत होती, टोपी अजून तिथेच असेल का. सकाळी पहिल्या वळशाला मी मुद्दाम बघितलं होतं. नव्हती. रात्रीत कुणी रेंजरने काढली असेल किंवा वाऱ्याने पुढे कुंडात गेली असेल. मी तिला सांगितलं, रेंजरमामांनी काढली.